अंतऱ्यानंतरचा आवाज

गाणं संपवून शरयूताई काचेपलीकडून माझ्या शेजारी येऊन बसल्या. वयाच्या साठीत त्यांचं हे आयुष्यातलं पहिलंच रेकॉर्डिंग. पेटीवर त्यांचे यजमान, दातारसर होते. तेही मागच्या सोफ्यावर टेकले.

"आवाज पातळ वाटतोय रे माझा," ताई म्हणाल्या.

"थांबा, जरा अंग देतो त्याला." मी जुन्या घाटाचा ट्यूब कॉम्प्रेसर लावला. आतल्या काचेच्या नळ्या तांबूस उजळल्या. मोठे आवाज दाबायचे आणि बारीक आवाज वर आणायचे, एवढंच या यंत्राचं काम. ताईंचा आवाज खरंच भरला. त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या अंतऱ्यानंतर त्यांनी श्वास घेतला आणि तेवढ्या फटीत कुणीतरी पुटपुटलं, "या जन्मात जमायचं नाही हिला."

सरांचाच आवाज. माइकपाशी दबक्या स्वरात म्हटलेलं, आता अगदी स्वच्छ. सरांना अचानक मोबाइलमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी सापडलं.

"ताई, एवढं कापून टाकतो," मी घाईनं म्हणालो.

त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. घरी रोज मी एकटीच ऐकते. आता लोकांनाही ऐकू दे."