राजकुंवरची ओटी

राजकुंवरसारखी बाई खान्देशात पुन्हा होणे नाही, यावर सबंध रावेर तालुक्याचं एकमत होतं. तमाशात असा गळा दुसरा नाही, आणि नायिकेच्या वेषात ती रडायला लागली की केळीच्या बागेला त्या दिवशी वेगळं पाणी द्यायला नको, असं जाणती माणसं सांगत.

या एकमतात बेबाबाई तेवढी नव्हती. तिने राजकुंवरला कधी पाहिलेलंच नव्हतं. घरंदाज बायका तमाशाला जात नसत. त्यांच्या वाट्याला कर्ण्यातून वाऱ्यावर येईल तेवढा आवाज यायचा.

तिचा नवरा लीलाधर मात्र अकरा वर्षं पहिल्या रांगेत बसत होता. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो मिश्रीलालच्या दुकानातून दोन लुगडी घ्यायचा. घरी एकच यायचं. दुसरं तमाशातल्या माणसाच्या हाती राजकुंवरकडे जातं, हे मिश्रीलालने बेबाबाईला तिने विचारायच्या आत सांगून टाकलं होतं. गिऱ्हाईक टिकवायचं तर नवरा-बायको दोघांनाही सांभाळावं लागतं.

यंदा राजकुंवर तमाशातून निवृत्त झाली. संध्याकाळी रावेरात सत्कार, सत्कार समितीचा अध्यक्ष लीलाधर, म्हणून दुपारचं जेवण त्याच्या घरी. आणि दिवस नेमका आखाजीचा.

बेबाबाई भांडली नाही. तिने आमरस काढला, पुरणपोळ्या केल्या आणि गल्लीतल्या दहा बायकांना बोलावून ठेवलं. ओसरीवर पाट मांडला. ताटात गहू, नारळ, खण, हळदीकुंकू आणि मिश्रीलालकडून परस्पर आणलेलं यंदाचं ते दुसरं लुगडं ठेवलं. स्वतः मात्र गेल्या सालचंच नेसली.

"हे काय मांडलं व?" लीलाधरने विचारलं.

"ओटी. आखाजीले माहेरी आलेल्या लेकीची भरतात ना, तशी."

बेत साधा होता. चारचौघींच्या देखत ओटी भरली की राजकुंवर या घरची लेक झाली. म्हणजे लीलाधरची बहीण. बहिणीला दर साल लुगडं दिलं तर कोणी नावं ठेवत नाही, आणि बहिणीसाठी कोणी पहिल्या रांगेत अकरा वर्षं उसासे टाकत बसत नाही. लीलाधरला हे कळलं, पण दहा बायकांसमोर 'ती माझी बहीण नाही' हे कोणत्या तोंडाने सांगणार?

दाराशी जीप थांबली. समितीचा चिटणीस झिपरू आधी उतरला. त्याच्यामागून धोतर, सदरा, पांढरी टोपी असा एक पन्नाशीचा गृहस्थ उतरला. ओठावर पंधरा दिवसांची मिशी होती. ती राखायची सवय नसल्यामुळे तो तिला सारखा हात लावून पाहत होता.

लीलाधरने त्याच्या खांद्यावरून जीपमध्ये पाहिलं. जीप रिकामी होती.

"झिपरू, बाई कुठे?"

झिपरूने आधी त्याच्याकडे, मग त्या गृहस्थाकडे पाहिलं.

"भाऊ, हे काय! हे पुनाभाऊ. शिरपूरकडचे."

"ते असतील. राजकुंवर कुठे?"

गृहस्थाने हात जोडले. "राम राम भाऊ," तो म्हणाला. "तुमले तर दरसाल पहिली रांगमा देखस मी."

आवाज राजकुंवरचा होता. तोच, कर्ण्यातून यायचा तो. एका बाईच्या हातातली हळदीची वाटी खाली पडली. लीलाधर ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिला.

"भाऊ, तुमाले माहीत नव्हतं?" झिपरू हळूच म्हणाला. "बठ्ठ्या तालुक्याले माहीत आहे!"

ते खरं होतं. तमाशाला जाणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला तर आपल्या आधी माहीत असणार, असं सगळे धरून चालले होते.

बेबाबाई कितीतरी वेळ त्या मिशीकडे बघत राहिली. अकरा आखाज्या ती माजघरात जिच्या नावाने रडली, ती ही होती. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा बघून तिला हसू यायला हवं होतं.

"भर ना व माय," जमलेल्या बायकांतली म्हातारी सुनंदाबाई म्हणाली. "ताट मांडलं ते परत नेऊ नाही."

पुनाभाऊने ताट पाहिलं, पाट पाहिला, आणि अशा घरांतला अनुभव असल्यासारखा मुकाट्याने पाटावर बसला. टोपी काढून त्याने बाजूला ठेवली. खांद्यावरचं उपरणं दोन्ही हातांत धरून पुढे पसरलं. ते त्याने असं धरलं की समोरच्या दहाही बायकांनी नकळत आपापला पदर सारखा केला.

बेबाबाईने त्याला कुंकू लावलं. गहू ओतले, नारळ ठेवला, खण ठेवला. लुगडं ठेवताना तिचा हात थांबला.

"हे नेसतं कोण?"

"मनी बायको, अक्का," पुनाभाऊ म्हणाला. "बठ्ठा लुगडा तीच नेसस. भाऊनी दिधेल पहिलं लुगडं ती अजून नेसस. अकरा वरीस झाया, रंग जसाना तसा शे."

बेबाबाईने अंगावरच्या लुगड्याचा काठ ताटातल्या लुगड्याशेजारी धरला. दुकान तेच होतं. काठही तेच होते.

बेबाबाईच्या लुगड्याचा रंग मात्र दुसऱ्या धुण्यालाच गेला होता.