थंडीची वर्दी

महिपतच्या नातीचं, शमिकाचं बारसं झालं, त्या वर्षी मार्गशीर्ष लागला तरी रत्नागिरीत पंखे फिरत होते. अरबी समुद्रात एकामागून एक वादळं उठत, वर गुजरातकडे निघून जात आणि जाताना ढग मात्र इकडे टाकून जात. कलमांना मोहराऐवजी तांबूस पालवी फुटली होती.

तरीही भाट्याच्या किनाऱ्यावर, वाळूत मंडळी भल्या पहाटे जमलीच. हवामानाचं वेड लागलेली माणसं ती. बँकेतला उन्मेष मोबाइलवर ढगांची चित्रं बघणारा. कॉलेजात शिकवणारी मृणाली घराच्या गच्चीत तापमापक टांगणारी. आणि दोन म्हातारे. पावस गावची आंब्याची बाग मुलाच्या हाती देऊन शहरात राहायला आलेले हरिहर, आणि मुंबईच्या गोदीतली नोकरी संपवून रत्नागिरीत लेकाकडे राहणारा, मूळचा पालीकडचा महिपत.

दिवाळी सरली की रोज पहाटे इथे यायचं, असा त्यांचा रिवाज. हरिहरांनी समुद्राकडे पाठ करायची, सदऱ्याची बटणं सोडायची आणि जमिनीकडून येणारा मतलई वारा छातीवर घ्यायचा. ज्या दिवशी ते "पडली" म्हणतील, त्या दिवशी थंडी पडली. मग उन्मेषने ती वर्दी ग्रुपवर टाकायची, आणि सगळ्यांनी उल्कावहिनींच्या हातची कुळथाची पिठी आणि मऊ भात खायला हरिहरांच्या घरी जायचं.

महिपतला हे कधीच मान्य नव्हतं. "थंडी घाटावरून उतरते, हरिभाऊ. आधी पालीला येते, मग तुमच्या पावसला."

"मेल्या, तुझा जन्म गेला गोदीत. तुला थंडी ठाऊक ती बर्फाच्या लादीची."

मिसरूड फुटल्यापासून हा वाद चालू होता. दोघांपैकी कुणी एक पाऊल मागे घेतलं नव्हतं.

त्या दिवशी वारा नव्हताच. सुरूची झाडं चित्रासारखी उभी होती. महिपत वाळूत बसून जुन्या थंड्या आठवत होता. पूर्वी तिची अशी वाट बघावी लागत नसे. खोबरेल बाटलीत थिजायचं, आई ती बाटली उन्हात ठेवायची. अंगणात सुक्या पानांचा पातेरा पेटवायचा, निखाऱ्यात रताळी पुरायची. पोट भाजून निघायचं आणि पाठ गारठायची. मग गर्रकन वळायचं, की पाठ भाजायची. वळून वळून दिवस उजाडायचा, आणि मोहराचा वास कुठूनसा यायचा.

"पडली!"

महिपतने मान वर केली. हरिहर दोन्ही हात पसरून उभे होते. त्यांची हनुवटी थडथडत होती.

"अरे, पडली! बघा, काटा बघा अंगावर!" त्यांच्या तोंडावर लहान पोरासारखा आनंद होता.

मृणाली ओढणीने मानेवरचा घाम टिपत होती, ती तशीच थांबली. उन्मेषने मोबाइलकडे पाहिलं. "काका, पण आज तर…"

महिपत उठला. काटा बघायला म्हणून त्याने हरिहरांचा हात धरला. हात तव्यासारखा तापला होता.

"आता बोल की," हरिहर म्हणाले. दातांवर दात आपटत होते. "कुठे आली आधी?"

महिपतने हात सोडला नाही.

"पावसला," तो म्हणाला. "पालीला अजून पत्ता नाही."

"ऐकलंत ना रे? साक्षीला आहात सगळे!"

मृणालीने महिपतच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओढणी कानांवरून घट्ट गुंडाळून घेतली. उन्मेष जवळ येऊन पुटपुटला, "महिपतकाका, चोवीस दाखवतंय. खोटं टाकू?"

"टाक. आणि पळत जा, गाडी आण. डॉक्टरकडे जायचंय."

"डॉक्टर कशाला?" हरिहरांनी ऐकलंच. "पिठी खायची ना?"

"माझा गुडघा दाखवायचाय. वाटेतच आहे. मग पिठी."

"मुंबईकराचा गुडघा," हरिहर हसले. हसताना त्यांचा तोल गेला. महिपतने त्यांना खांद्याशी धरलं आणि बटणं एकेक करून लावली.

गाडीत ते महिपतला टेकून बसले. "काच लाव रे, उन्मेष. वारा झोंबतोय." उन्मेषने चारही काचा वर केल्या. आत भट्टी झाली. मृणालीच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण तिने ओढणी काढली नाही.

उन्मेषच्या मोबाइलवर निरोप आला. सदू म्हणून एक जण ग्रुपवर होता, पालीच्या बाजारात त्याचं दुकान. त्याने लिहिलं होतं, कसली थंडी, इकडे पंखा फुल्ल चालू आहे.

"काय लिहितोय? वाच," हरिहर म्हणाले.

उन्मेषने आरशातून मागे, महिपतकडे पाहिलं. "सदू म्हणतोय, पालीला अजून नाही."

हरिहरांनी डोळे मिटले. "बघ," ते म्हणाले. त्यांचं डोकं महिपतच्या खांद्यावर आलं. भाट्याच्या पुलावर पोचेपर्यंत महिपतचा सदरा त्यांच्या तापाने गरम झाला होता.

खरी थंडी पौषात पडली. आधी पालीला आली. महिपत ते कुणाजवळ बोलला नाही. हरिहर त्याआधीच, त्याच तापात, मार्गशीर्ष वद्य नवमीला सकाळी गेले.