विंडहूकचं पाणी

“उकळी फुटली का?” गुणवंतांनी विचारलं.

“फुटतेय, बाबा.”

“फुटतेय नको. चांगलं खदखदू दे. मग एक मिनिट मोज.”

मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर कौस्तुभचा अर्धा चेहरा आणि शेगडीवरचं पातेलं दिसत होतं. भाईंदरला सकाळचे साडेनऊ झाले होते, आफ्रिकेतल्या विंडहूकला सहा. कौस्तुभला तिथे सोलर पॅनलच्या कंपनीत रुजू होऊन दीड महिना झाला होता.

“नुसता उभा काय राहतोस? दुसऱ्या शेगडीवर अंडी ठेव.”

“भूक नाहीये हो.”

“शेगडीपाशी उभाच आहेस ना? मग ठेव.”

कौस्तुभनं दोन अंडी ठेवली. गुणवंतांनी मान डोलावली. “पाणी त्याच भांड्यात गार होऊ दे, वर झाकण ठेव. ह्यातून त्यात ओतलंस की केलेलं सगळं फुकट.”

रसिका ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. कौस्तुभची ही धाकटी बहीण. ऑफिसचं काम घरूनच करायची, त्यामुळे हा रोजचा फोन तिच्यासमोरच व्हायचा.

गुणवंतांच्या पत्नी अंबिकाबाई फेब्रुवारीत गेल्या. दुखणं असं काही नव्हतं. दुपारी झोपल्या आणि उठल्याच नाहीत. कौस्तुभच्या हातात विंडहूकच्या नोकरीचं पत्र तेव्हा आलेलं होतं. मी जात नाही, असं तो महिनाभर म्हणत राहिला. शेवटी गुणवंतांनी स्वतः त्याची बॅग भरली.

तो गेल्यावर भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या त्या दोन खोल्यांत फारसा आवाज उरला नाही. गुणवंत अकरा-अकरापर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दाढी वाढली. रसिकानं ताट वाढलं की अर्धी पोळी खाऊन हात धुवायचे. बाबा, खाली तरी जाऊन या, असं म्हटलं की “उद्या” म्हणायचे.

मग एका सकाळी कौस्तुभचा फोन आला. “बाबा, इथलं पाणी गढूळ येतंय. पिऊ की नको?”

गुणवंत अंथरुणात उठून बसले. त्यांची एकतीस वर्षं पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासण्यात गेली होती.

“रंग कसला आहे? मातकट की पिवळट? वास येतोय?”

कौस्तुभनं ग्लासात नाक घातलं. “येतोय थोडा.”

“नळाचं पिऊ नकोस. आजच्या दिवस बाटली आण. झाकणाचं सील हातानं फिरवून बघ, कडकड आवाज झाला पाहिजे. आणि रोज ह्याच वेळेला फोन कर.”

तेव्हापासून एकही दिवस चुकला नव्हता. कौस्तुभ कधी बर्फाचं विचारायचा, कधी टपरीवरच्या सरबताचं. एकदा दात घासायलाही बाटलीचं पाणी घेऊ का, म्हणून विचारलं. कॅमेऱ्यासमोर बसायचं म्हणून गुणवंत नऊच्या आत आंघोळ आणि दाढी उरकू लागले. क्लोरीनच्या गोळ्यांचं प्रमाण नक्की करायला गोडदेवला जुन्या सहकाऱ्याकडे, महिपतरावांकडे चालत जाऊन आले. येताना मेथीची जुडी घेऊन आले. तिची भाजी रात्री त्यांनी दोन भाकऱ्यांबरोबर खाल्ली. रसिका ताटाकडे बघत राहिली.

एकदा मात्र बोलता बोलता कौस्तुभनं मागचा नळ सोडला, ग्लास भरला आणि घटाघटा पिऊन टाकला. रसिकानं चटकन बाबांकडे पाहिलं. पण गुणवंतांनी नेमका तेव्हाच चष्मा पुसायला काढला होता. काचा बराच वेळ पुसून त्यांनी तो परत डोळ्यांवर चढवला.

“हां, काय म्हणत होतास? रात्री काय जेवलास?”

रविवारी जितेश आला. विंडहूकला तो आणि कौस्तुभ एकाच फ्लॅटमध्ये राहत. बहिणीच्या साखरपुड्यासाठी तो पंधरा दिवसांच्या सुट्टीवर भाईंदरला आला होता. त्याला विंग सापडेना, म्हणून गुणवंत स्वतः गेटपर्यंत गेले आणि त्याला वर घेऊन आले.

“बस रे. चहा मीच करतो,” असं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले.

रसिकानं जितेशला पाणी दिलं आणि समोर बसली. आतून गॅस पेटल्याचा आवाज आला, तसा तिनं आवाज खाली आणला.

“एक सांगायचं होतं. बाबांसमोर तिथल्या पाण्याचा विषय काढू नका, प्लीज.”

जितेशनं तोंडाशी नेलेला ग्लास खाली घेतला.

“तिकडे सगळे नळाचंच पितात, ते मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “बाबांना पाण्याचं काहीतरी विचारत जा, असं दादाला मीच सांगितलं. आई गेल्यापासून ते अंथरुणातून उठतच नव्हते. आता त्याला सांगायचं म्हणून उठतात, जेवतात. त्यांना कळलं तर परत सगळं थांबेल हो.”

जितेशनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत गुणवंत आलं ठेचत होते.

“रसिकाताई,” तो हळूच म्हणाला, “काका मला आत्ता लिफ्टमध्ये काय म्हणाले सांगू? म्हणाले, तिकडचं नळाचं पाणी एकदम चांगलं आहे, पण वर गेल्यावर बोलू नकोस. आई गेल्यापासून पोरगं जेवत नाहीये. पाण्याच्या निमित्तानं सकाळी उठतं आणि माझ्यासमोर दोन घास खातं.”