फाट्याची माणसं

कर्जतहून खोपोलीची गाडी सुटता सुटता जितेश डब्यात चढला आणि नागूसमोर जाऊन बसला. दुपारच्या डब्यात दोघांशिवाय कुणी नव्हतं. जितेशच्या पिशवीत सुरा होता.

नागू त्याचा चुलत चुलता. जितेशच्या थोरल्या भावाच्या, योगेंद्रच्या मानेवर कोयता घातल्याची शिक्षा भोगून तो आज डोलवलीला परतत होता.

"केवढा झालास रं," नागू म्हणाला. "मला न्यायला आलास?"

"हो, तात्या."

पळसदरीला पुण्याची लाइन घाटाकडे निघून गेली. खोपोलीची गाडी एकटीच पुढे चालली. नागू बाहेर बघत म्हणाला, "योगेंद्र आमाला फाट्याची माणसं म्हणायचा. मोठी लाइन तुमची, फाटा आमचा."

रुळांलगतच्या शेतावरून घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या पातीत कितीदा तरी काठ्या चालल्या होत्या. योगेंद्रने एकदा नागूचा हात मोडला होता. त्यामुळे खुनाचं कुणाला नवल वाटलं नाही. नागू आपणहून पोलिसांकडे गेला होता.

"छाया बरी हाय?" त्याने विचारलं.

भावाच्या विधवेचं नाव त्याच्या तोंडून ऐकून जितेशच्या मुठी वळल्या. सकाळी तीच दारात आडवी उभी राहिली होती. "त्यांना आधी घरी येऊ द्या, भावजी. मला बोलायचंय." त्याने तिला ढकलून दिलं होतं.

डोलवलीला दोघं उतरले. गाडी गेली. रुळांकडेच्या पायवाटेवर जितेशने नागूचं मनगट धरलं आणि सुरा पोटात घातला. नागूने त्याच्या खांद्याचा आधार घेतला. जितेशने पुन्हा घातला, मग पुन्हा, मूठ रक्ताने निसटेपर्यंत. नागू खडीवर कोसळला. ओरडला नाही.

"छायाला सांग," तो पुटपुटला, "मी कुणाला काय बोललो नाय."

मग त्याचा श्वास थांबला.

छाया पायवाटेने धावत आली. तिच्या कपाळावर सकाळची खोक होती. तिने नागूचं डोकं मांडीवर घेतलं, पदर पोटावर दाबून धरला.

"सुटलो, वैनी," जितेश धापा टाकत म्हणाला. "मरताना सांगत होता, कुणाला काय बोललो नाय. काय बोलायचं होतं त्याला?"

छायाने पदरावरचा हात काढला नाही.

"तुमचे भाऊ मला रुळावर टाकायला ओढत नेत होते," ती म्हणाली. "कोयता मी घातला."