सुनेचं तिकीट

"पाच न्हाई मावशी, यांचं शंभर," खिडकीतला तिकीटवाला म्हणाला आणि त्याने हातातल्या पेनाने थेट नव्या सुनेकडे दाखवलं.

ठकूबाईंनी मागे वळून पाहिलं. हिरवा शालू, हातभर चुडा, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि झाडावरच्या माकडांना बघून खिदळणारी मेगन. लग्नाला चार दिवसच झाले होते. तांदळात नाव लिहून तिची मेघना झाली होती. सकाळी ओझरच्या गणपतीचं दर्शन झालं, तिथे कुणी काही विचारलं नव्हतं. आणि लेण्याद्रीच्या पायथ्याशी हा माणूस म्हणतो शंभर!

"कशाचं शंभर?"

"विदेशी हायेत ना त्या. बोर्ड बघा. भारतीय पाच, विदेशी शंभर. लेण्यांच्या देखभालीसाठी सरकार घेतं."

"विदेशी?" ठकूबाईंचा आवाज वर लेण्यांपर्यंत गेला असावा. "आमची सून हाये ती! बोरी बुद्रुकची!"

झालं. बोरीहून जीप भरून आलेलं सगळं गणगोत खिडकीला चिकटलं. ठकूबाईंची जाऊ लंकाबाई कोपराने वाट काढत पुढे आली. डोलीवाले डोल्या खाली ठेवून आले. मेगनला वाटलं, लग्नातलाच एखादा विधी राहून गेलाय. ती हात जोडून, हसत उभी राहिली.

नवरदेव सुदर्शन घाईघाईने पुढे झाला. "आई, राहू दे. शंभर रुपयांचं काय एवढं? देतो मी."

"तू गप ऱ्हा. पैशाचा सवाल न्हाई."

आणि खरंच नव्हता. पोरगा अमेरिकेला गेल्यापासून गावातल्या बाया ठकूबाईंना ऐकवत होत्या, की आता कसला येतोय, तिकडचाच झाला तो. त्या प्रत्येकीला ठणकावून सांगायच्या, "येनार म्हंजी येनार. घराला वरचा मजला काय उगा चढवलाय?" आता सूनच विदेशी ठरली, तर त्या बायांचं निम्मं खरं झालं असतं. ते त्यांना कदापि होऊ द्यायचं नव्हतं.

सुदर्शनला मात्र हे भांडण लवकर मिटायला हवं होतं. पाकीट हातात धरून तो आईच्या तोंडाकडे बघायचं टाळत होता.

ठकूबाईंनी पदर खोचला. "मला एक सांग भाऊ. तुजं लगीन झालंय?"

"झालंय की."

"बायको कुठली?"

"घोडेगावची. आंबेगाव तालुका."

"आन तिचं नाव कुठल्या रेशनकार्डावर हाये?"

"माझ्याच. हितं जुन्नरला."

"मग! लगीन झालं का नवऱ्याचं गाव त्येच बायकोचं गाव. माजं म्हायेर आणे गावाचं. आता मला कुनी आण्याची म्हनतं का? बोरीचीच म्हनत्यात. तसाच नवऱ्याचा देश त्योच बायकोचा देश. ह्यात काय चुकतंय, सांग."

डोलीवाल्यांनी माना हलवल्या. "बरूबर हाये मावशींचं!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "फाड राव पाचाचं!" लंकाबाईने टाळ्या पिटल्या. काय चाललंय ते कळलं नसलं तरी मेगननेही पिटल्या.

"मावशी, तुमी वकील व्हायला पायजे व्हतं," तिकीटवाला हसत म्हणाला. त्याने पाचाच्या तिकिटांचं पुस्तक पुढे ओढलं. "चला, नवऱ्याचा देश तोच बायकोचा. साहेब, तुमी हितलेच ना?"

विचारायचं म्हणून त्याने विचारलं होतं. उत्तराची वाट न बघता तो तिकिटं मोजायला लागला. सुदर्शन नुसता गप्प राहिला असता तरी भागलं असतं.

"आता ह्यो काय सवाल झाला?" ठकूबाईंनी लेकाच्या पाठीवर थाप मारली. जिंकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "नाळ पुरलीय त्याची बोरीत! हितलाच हाये माजा सुदर्शन. आन हितलाच ऱ्हानार!"

तो चेहरा बघून सुदर्शनला राहवलं नाही.

"आई," तो हळूच म्हणाला. "गेल्या वर्षी मी तिकडचं नागरिकत्व घेतलं. तुला फोनवर सांगणार होतो. नाही जमलं." मग तिकीटवाल्याकडे वळून म्हणाला, "दोन विदेशी द्या."

तिकीटवाल्याचा हात पुस्तकावर थांबला. मेगन एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

ठकूबाईंनी कमरेचा बटवा काढला. शंभराच्या दोन नोटा उलगडल्या, खिडकीच्या फळीवर ठेवल्या आणि हाताने सपाट केल्या. सुदर्शन पाकीट उघडत पुढे सरकला, तेव्हा त्यांनी त्याचा हात बाजूला सारला.

"ठेव त्ये आत," त्या म्हणाल्या. "आमच्यात पावन्यानं पैसं काढायचं नसतं."