एक ग्रॅम सोनं

"मिटा डोळे," डॉक्टर म्हणाल्या.

घड्याळजींचा डावा डोळा मिटला. उजवा सताड उघडाच राहिला. त्या पापणीवर डॉक्टरांनी एक चपटा तुकडा चिकटवला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. वजन ठरवायला असे तुकडे आधी वरून लावून बघतात. ज्या वजनाने पापणी आपसूक खाली येईल, तेवढं सोनं मग छोटं ऑपरेशन करून कातडीखाली बसवायचं. एकदा ते बसलं की डोळा मिटायला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही.

हे शेवटचं वाक्य घड्याळजींच्या बायकोने नीट घडी घालून मनात ठेवलं होतं.

सात वर्षांपूर्वी कानाखालची गाठ काढताना नस गेली आणि घड्याळजींचा अर्धा चेहरा बंद पडला. तोंड वाकडं झालं, चहा ओघळायला लागला, घड्याळं बघायचं भिंग उजव्या डोळ्यात टिकेना, ते डाव्यात गेलं. चेहरा अर्धाच गेला होता, बोलणं मात्र सगळं गेलं. सगळ्या गावाची घड्याळं चालू करणारा माणूस घरात मुका झाला. "किल्ली कुठंय" आणि "भात नको" एवढ्यावर संसार आला. सुरुवातीला ती रडली, भांडली, मग तेही सरलं. आता तिला राग येत नव्हता, कीवही येत नव्हती. काहीच येत नव्हतं. रोज झोपताना त्यांच्या डोळ्यात मलम घालायचं, बोटाने पापणी खाली घ्यायची, वर चिकटपट्टी लावायची. दुधावर झाकण ठेवावं तसं. ते नाही केलं तर बुबुळ सुकणार, नजर जाणार, आणि घड्याळजीची नजर गेली की मागे काय उरतं? तेवढ्यासाठी ती थांबली होती.

"भाऊजींचा डोळा मिटल्याशिवाय तू काही सुटायची नाहीस," धाकटी बहीण फोनवर म्हणायची आणि लगेच जीभ चावायची.

गेल्या आठवड्यात तिने बहिणीला सांगून टाकलं. "आता मिटेल. टाके निघाले की येते तुझ्याकडे. कायमची."

घड्याळजी हाताच्या अंतरावर बसले होते. त्यांनी भिंगातून नजर काढली नाही. ऐकलं असेल तरी त्यांना काय त्याचं, असं तिला वाटलं, आणि त्याचंही वाईट वाटलं नाही. त्यांच्यासमोर उघडलेलं गजराचं घड्याळ मात्र त्या दिवशी तसंच पडून राहिलं. उघडलेलं घड्याळ बंद केल्याशिवाय ते कधी टेबलावरून उठत नसत. तिने ते पाहिलं, वर फडकं टाकलं आणि बॅग भरायला घेतली.

"आता एक ग्रॅम लावते," डॉक्टर म्हणाल्या. "हे लावून अर्धा तास बाहेर बसा, काका. पापणीला जरा सवय होऊ दे."

बाहेर बाकावर घड्याळजींनी वर्तमानपत्र उघडलं आणि पाच मिनिटांत पेंगायला लागले. तिने सवयीने त्यांच्या डोळ्याकडे बघितलं. डोळा मिटला होता. वरची पापणी खालच्या पापणीला जाऊन टेकली होती. मध्ये फट नाही, काही नाही. सात वर्षांत पट्टीशिवाय पहिल्यांदाच. सुटले बाई, ती मनात म्हणाली आणि आनंद होण्याची वाट बघत बसली. तो काही झाला नाही.

अर्ध्या तासाने ती दोघं पुन्हा आत गेली.

"मिटा, काका."

डावा मिटला. उजवा उघडाच.

डॉक्टरांनी तुकडा बदलला. मग आणखी जड लावला. उजवा डोळा आपला ढिम्म. "ओढून तर धरत नाही ना, काका? मिटायची नस गेली, उघडायची शाबूत आहे तुमची. सैल सोडा," त्या म्हणाल्या.

"सैलच आहे," घड्याळजी वाकड्या तोंडाने म्हणाले.

डॉक्टर मान हलवून कागदावर लिहायला वळल्या. ती पुढे सरकली. खरंच मिटायला गेले की त्यांचं बुबुळ वर पळायचं आणि फटीत नुसतं पांढरं उरायचं. रोज झोपताना ती तेच बघत आली होती. आज बुबुळ जागचं हललं नव्हतं. डावा डोळा घट्ट मिटलेला आणि उजवा टक्क उघडा, सरळ तिच्याकडे लागलेला. म्हातारा डोळा मारतोय असं कुणालाही वाटलं असतं. पण कपाळावर घाम होता. ओढून धरलेली पापणी थरथरत होती आणि तिच्यावरचा तुकडाही तिच्याबरोबर हलत होता.

तिला ते फडक्याखालचं घड्याळ आठवलं.

"याहून जड लावलं तर पापणी लोंबेल, दिवसा दिसणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मिटतच नसेल तर ऑपरेशनचा उपयोग नाही, काकू. तुमची पट्टीच चालू ठेवावी लागेल. म्हणून नीट आठवून सांगा. बाहेर बसला होतात तेव्हा एकदा तरी मिटला का हा डोळा?"

तिच्या छातीत काहीतरी दुखलं. नेमकं कुठे ते कळेना, पण चांगलंच दुखलं. एवढ्या वर्षांनी. त्या दुखण्याचं तिला बरं वाटलं.

"नाही मिटला," ती म्हणाली. "तो मीच मिटवते."