साडेतीनची नोंद

लालबागच्या चाळीतल्या गावाच्या खोलीत मंजुळाने जुन्या कॉम्प्युटरवर छोटासा सर्व्हर बसवला. एकेकाळी तिथे तिच्याच गावचे, गिरणीत कामाला असलेले चाळीस जण पाळीपाळीने झोपायचे. त्यांचे जमले तेवढे फोटो तिने त्यावर ठेवले. सर्व्हर अगदी साधा होता. मागितलेली फाइल आहे तशी द्यायची आणि कधी काय मागितलं ते लिहून ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

त्या नोंदींत एक ओळ रोज दुपारी साडेतीनला येऊ लागली. कोणीतरी महादेवचा फोटो मागत होतं, तेही याच कॉम्प्युटरवरून. तसा फोटो त्यात नव्हता. सर्व्हर रोज तसं कळवत होता.

खोलीत आता एकटे तुळशीकाकाच राहायचे. मंजुळाने त्यांना विचारलं, "काका, महादेव कोण?"

"माझा जोडीदार. दोघांत अंथरूण एकच. मी रातपाळीला, तो सकाळपाळीला. साडेतीनला तो सुटून आला की मी उठायचो. संपात गावाला म्हणून निघाला, तो पोचलाच नाय."

"त्यांचा फोटो असेल कुठे?"

"कोणी काढलाच नाय."

दुसऱ्या दुपारी काका झोपले होते. साडेतीनला ओळ उमटली. या वेळी सर्व्हरने फोटो दिला होता.

मंजुळाने तो उघडला. हीच खोली होती, आत्ताची, दारातून दिसते तशी. अंथरुणावर काका झोपलेले, आणि पलीकडे कॉम्प्युटरपुढे तिची स्वतःची पाठ.

तिला मागे वळवेना. मागे काका अंथरुणाच्या कडेला सरकल्याचा आवाज आला.

"पड रे," ते झोपेतच म्हणाले. "अंथरूण गरम हाय अजून."